निळा राहिलेला पलंग

पट्टीने घरी जाऊन लॅपटॉप पुन्हा उघडला असेल आणि तो पलंग बांधून टाकला असेल, ही शंका संध्याकाळी कप विसळताना मनात आली आणि अजून हटायला तयार नाही. दोनदा आडवी होऊन पाहिलं. मी कूस बदलली की शंकाही कूस बदलते. शेवटी दिवा लावला आणि लिहायला बसले.

पट्टी ही माझी मुलगी. पलंग माझा. तिने मागच्या वर्षी तळमजल्यावर घर घेतलं, त्यातली मागची खोली माझ्यासाठी ठेवली आहे, आणि मी तिथे कायमची राहायला जावं असा तिचा धोशा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नातेवाइकांना वाटतं, हिचा पाय आपल्या घरातून निघत नाही. तेही थोडं खरं आहे. पण खरी काळजी मला तिची आहे. पट्टीला कुठलीच गोष्ट सैल सोडता येत नाही, आणि मी तर दिवसेंदिवस सैल होत चालले आहे. मागच्या थंडीत गुडघा गेला, आता डावा कान निम्मंच ऐकतो, पुढे काय वाढून ठेवलं आहे कोण जाणे. रोज बदलणारं माणूस घरात आणून त्याला रोज नव्याने नीट लावत बसली, तर पोर झिजून जाईल.

तिचं हे आजचं नाही. लहान असताना तिच्या बाबांनी तिला एक स्टीलची पट्टी आणून दिली होती. त्या दिवसापासून घरात मोजल्याशिवाय काही राहिलं नाही. टेबल, उशी, दाराची कडी, बाबांचं नाक. एकदा शेजारच्यांच्या मांजराची शेपटी मोजायला गेली आणि रडत परत आली.

"चावलं का गं?" तिचे बाबा म्हणाले.

"नाही. ती शेपूट दर वेळी वेगळी भरते."

"मग मधलं माप धर."

"पण खरं कुठलं?"

तेव्हापासून ते तिला पट्टी म्हणायला लागले ते शेवटपर्यंत पट्टीच म्हणाले. बुटाच्या नाडीला ती दोन गाठी मारायची, वर खात्रीची तिसरी. शाळेतून आल्यावर त्या सोडवायला आम्ही दोघं जमिनीवर बसायचो आणि बाबा म्हणायचे, "हिचं लग्न आपल्याला परवडणार नाही, जावईबापूंना सोडवून आणावं लागेल." लग्न तिने केलंच नाही. त्याचं दुःख मला एके काळी होतं. आता तिला सुट्टीच्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात डब्यांना झाकणं जुळवताना गुणगुणताना ऐकते, आणि वाटतं, बरं चाललंय की हिचं.

नोकरी तिला अगदी तिच्या मापाची मिळाली. चालायला आधार लागणाऱ्यांसाठी वस्तू बनवणारा कारखाना आहे. वॉकर, कुबड्या, बाथरूममधली स्टुलं, भिंतीला लावायच्या दांड्या. खाली नळ्या कापतात, वाकवतात, जोडतात. वर लाकडी जिना चढून गेलं की ड्रॉइंगची खोली. खालचं मशीन दणकलं की वरच्या टेबलावरच्या पेन्सिली थरथरतात. मी दोन-तीनदा गेले आहे तिथे. सगळ्यांच्या खुर्च्यांना चाकं आहेत, पट्टीच्या खुर्चीची चाकं तिने लॉक करून ठेवली आहेत.

ती काय करते हे मला तिने एकदा नीट समजावलं होतं, कारण मी लोकांना "ती कंप्युटरवर चित्रं काढते" असं सांगते याचा तिला राग यायचा. वस्तू बनवायच्या आधी तिचं रेघांचं स्केच काढतात. नुसती काढलेली रेघ पडद्यावर निळी दिसते. निळी म्हणजे मोकळी, माउसने ओढली की कुठेही जाते. मग तिला बांधायचं. ही रेघ एवढी लांब, ही त्या रेघेला समांतर, हे भोक नळीच्या मधोमध. बांधता बांधता रेघेला हलायला जागाच उरली नाही की ती काळी होते. सगळं काळं झालं की स्केच पक्कं. पुढे कोणी वॉकरची रुंदी बदलली तर तो एक आकडा बदलायचा, बाकीचं सगळं आपापल्या नात्याने सरकून जागेवर येतं. यायला हवं, निदान.

आता सगळं बांधायचं की नाही यावर त्या धंद्यात दोन पंथ आहेत. पट्टी कुठल्या पंथाची हे सांगायला नको. दुसऱ्या पंथाची तिच्या समोरच बसते. खालचे वेल्डर तिला भिंगरी म्हणतात. चार रेघा ओढून तिचा वॉकर उभा राहतो, निम्म्या रेघा निळ्या, आणि बाई खुर्चीसकट घरंगळत दुसऱ्या टेबलापाशी. तिच्यामुळे काम अडल्याचं मी ऐकलं नाही. तिचं म्हणणं, आकार मनात पक्का व्हायच्या आत बांधत बसलं की बांधण्यातच दिवस जातो, आणि उद्या कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या की हे नको, तर सगळ्या गाठी सोडा. पट्टीचं म्हणणं, आज मोकळी सोडलेली रेघ उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातून हलणार, आणि त्याला कळणारही नाही.

जुने साहेब निवृत्त झाले आणि ड्रॉइंगच्या खोलीचं काम पट्टीकडे आलं. पहिल्याच दिवशी तिने फतवा काढला. निळी रेघ असलेली एकही फाइल जिना उतरणार नाही.

त्याच सुमारास तिने माझ्या खोलीचं काम मनावर घेतलं. टेप घेऊन आली, माझा पलंग मोजला, आरामखुर्ची मोजली, पुस्तकांचं कपाट मोजलं. मग मला भिंतीपाशी उभं करून हात वर करायला लावला आणि तो कुठवर पोचतो तेही मोजलं. आठवड्याने ड्रॉइंग छापून आणलं. पलंग आतल्या भिंतीला, कारण तिथून बाथरूम जवळ. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत भिंतीला दांडी. खुर्ची कोपऱ्यात, कपाट माझ्या हाताच्या उंचीला. सुरेख होतं. आणि एकूणएक रेघ काळी.

"कसं वाटतं?"

"बघू," मी म्हटलं.

माझं बघू म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. सहल, सायकल, कुत्र्याचं पिल्लू, सगळी बघू म्हणून गेलेली आहेत. तिने कागदाची घडी घातली, घडीवरून नख फिरवलं, आणि त्या कागदाचा विषय पुन्हा काढला नाही. मी तरी काय सांगणार होते? की तुझ्या कागदात माझा हात आज पोचतो तिथवर पोचतो, पण पुढच्या वर्षी तो खांद्याच्या वर गेला नाही तर तुझं काय होईल?

मग तो वॉकरचा घोटाळा झाला. पट्टीने मला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितला होता. अख्खा आज दुपारी कळला, कारण जेवायला भिंगरीही आली होती, आणि भिंगरीला तुकड्यांत बोलता येत नाही.

"काकू, हिला निळं दिसलं की ताप येतो."

"ताप नाही येत," पट्टी म्हणाली. "झोप येत नाही."

"तेच ते. तर हिचा फतवा निघाला. माझ्या वॉकरच्या आडव्या नळीत एक भोक होतं, पिनेचं. त्यावर तो वॉकर दुमडतो. संध्याकाळ झाली होती, फाइल खाली द्यायची होती आणि निम्म्या रेघा निळ्या. आता प्रोग्राममध्ये एक बटण असतं. ते दाबलं की प्रोग्रामच उरलेली मापं आपल्या मनाने भरतो. सगळं एका दमात काळं. मी दाबलं."

"दाबलं," पट्टी म्हणाली, "आणि मी सही केली."

"ते भोक मधोमध हवं हे मला माहीत, हिला माहीत, शेंबड्या पोराला माहीत. बटणाला कुठून माहीत असणार? त्याने आपलं मोजलं, डाव्या टोकापासून इतकं. तेव्हा ते मध्यावरच होतं, म्हणून सगळं बरोबर दिसलं. पुढे रुंद मापाची ऑर्डर आली, खालच्यांनी रुंदीचा आकडा बदलला, नळी वाढली..."

"आणि भोक तिथेच बसलं," मी म्हटलं.

"तिथेच! काळं कुळकुळीत! प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. नळ्या कापून, भोकं पाडून झाली. जोडल्यावर बघतात तर वॉकर दुमडताना एक पाय आधी मिटतो आणि दुसरा लंगडत मागून येतो. चालायला आधार देणारा वॉकर, काकू, आणि तोच लंगडा!"

मला हसू आवरेना. पट्टी मात्र ताटातल्या ब्रेडचे सारखे चौकोन करत होती. वॉकर कारखान्याबाहेर गेले नव्हते, नळ्या लहान स्टुलांना वापरून झाल्या, मालकीणबाई रागावून मोकळ्या झाल्या. पण तिच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच.

"मी फक्त रंग पाहिला, आई," ती म्हणाली. "काळं दिसलं आणि सही केली. इतकी वर्षं मी समजत होते की काळं म्हणजे कोणीतरी विचार केलेला आहे."

"तू रंग मागितलास, मी रंग दिला," भिंगरी म्हणाली, पण हळू. "मी निळं ठेवलं असतं तर निदान दिसलं असतं की इथे काही ठरलेलं नाही."

"निळं ठेवलं असतंस तर रुंदी बदलल्यावर भोक कुठेही पळालं असतं."

"पळालं असतं तर सापडलं असतं गं! पळणारा चोर परवडला. हा घरात पाहुणा म्हणून बसला होता."

"आणि एखाद्या वेळी थोडंसंच पळालं असतं, डोळ्याला न दिसण्याइतकं? मग?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी पंच. मी मीठ पुढे सरकवलं.

दोघींनी मिळून मालकीणबाईंना जे सांगितलं ते असं. जे ठरलं आहे ते सगळं बांधायचं, यात सूट नाही. पण बटण बंद. गाठ स्वतःच्या हाताने मारायची, आणि ही का मारली असं कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. जे ठरलेलं नाही ते निळंच दिसू द्यायचं, त्याच्या शेजारी कोण ठरवणार त्याचं नाव लिहायचं, आणि नाव लिहिलेलं असेपर्यंत ती फाइल खाली द्यायची नाही.

"बांधल्याने गोष्ट ठरत नाही, काकू. ठरली की बांधायची," भिंगरी म्हणाली. "हे वाक्य माझं आहे. ही आता भिंतीवर लावणार आणि खाली सही स्वतःची करणार."

"सही करायची सवय सोडली मी," पट्टी म्हणाली, आणि तेव्हा कुठे हसली.

जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, कोरडं केलं आणि लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर माझी खोली होती. भिंती काळ्या, दार काळं, खिडकी काळी, बाथरूम काळं, कपाट काळं. मधे माझा पलंग आणि आरामखुर्ची, दोन्ही निळी. दोन्हींच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आई.

"माउस धर," ती म्हणाली. "पलंगावर ने. दाब. आता ओढ."

मी ओढला. पलंग सुळकन निघाला आणि भिंतीतून आरपार शेजाऱ्यांकडे गेला.

"अगं बाई!"

"काकू, त्यांनी विचारलं तर सांगा, आमची लेक इंजिनिअर आहे," भिंगरी म्हणाली.

पट्टीने दात आवळून तो परत आत आणायला सांगितला. मी आणला. मग माझ्या लक्षात आलं की पलंगाबरोबर आणखी काहीतरी हलतंय. भिंतीलगतची ती दांडी. पलंग पुढे नेला की दांडी लांब होत पुढे येत होती, मागे नेला की आखडत होती. तिचं एक टोक बाथरूमच्या दाराला चिकटलेलं, दुसरं माझ्या उशाला. मी पलंग कोपऱ्यात नेला. दांडी कोपऱ्यातून वळसा घालून आली. खिडकीखाली नेला. तिथेही आली, सगळी भिंत धरून, अंमळ धापा टाकत आल्यासारखी.

"ही कशी येते?"

"ती तुझ्या पलंगाला बांधली आहे," पट्टी म्हणाली. "जागेला नाही. तू पलंग कुठेही ने. दांडी मागे येईल."

"आणि माझा हात पोचेनासा झाला तर? कपाट?"

"कपाटाला तुझ्या हाताचं माप दिलंय. तो आकडा बदलला की फळी खाली येते." तिने पडद्यावरच्या कपाटावर बोट ठेवलं. "आकडे बदलणारच, आई. त्यासाठीच बांधतात ना. नाहीतर बांधायचं कशाला, नुसतं चित्र काढलं असतं."

भिंगरीला अशा वेळी गप्प राहवत नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवून पलंग खोलीच्या मधोमध ओढला. दांडी भिंत सोडून हवेत तरंगायला लागली. "काकू इथे झोपल्या तर दांडी छताला टांगावी लागेल!"

"तिथे कोण झोपतं?" पट्टी ओरडली आणि तिचा हात माउसकडे झेपावला. मग अर्ध्यात थांबला. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि चक्क त्यांच्यावर बसली. खुर्चीवर, दोन्ही तळवे मांडीखाली, लहानपणी डॉक्टरांकडे बसायची तशी. मी पलंग दहा ठिकाणी नेला असेल. ती बसून राहिली. फक्त एकदा पुटपुटली, "खिडकीखालून बाथरूम लांब पडतं," आणि मी वळून पाहिलं तेव्हा, "नाही, मी काही बोलले नाही."

या घरात इतकी वर्षं माझा पलंग खिडकीखाली आहे. पहाटे समोरच्या बेकरीचं शटर वर जातं तेव्हा मला जाग येते, उजवा कान अजून शाबूत आहे. तिच्या त्या मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर गल्लीत एक सायकल दुरुस्त करणारा बसतो. मी खोली बघायला गेले होते तेव्हा तो कोणाच्या तरी चाकात हवा भरत होता, त्या पंपाचा फस-फस आवाज आत येत होता. पट्टी म्हणाली होती, काच बंद केली की येणार नाही. मला तर तो यायलाच हवा होता. आज पलंग शेवटी तिथेच नेऊन ठेवला, आणि माउस सोडला.

"ठरलं?" तिने विचारलं.

"बघू," माझ्या तोंडून गेलं. सवयीने गेलं. जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता.

तिने फाइल तशीच सेव्ह केली, पलंग निळा, खुर्ची निळी, आणि लॅपटॉप मिटला.

"आजची तारीख लिहून ठेवा कोणीतरी," भिंगरी म्हणाली. "हिने निळ्यावर झाकण घातलं."

दोघी निघाल्या. पट्टी जिन्यावरून परत आली. मला वाटलं, आली बांधायला. छत्री विसरली होती.

आणि मी इथे दिवा लावून विचार करत बसले आहे, की तिने घरी जाऊन तो पलंग बांधला असेल का. बांधला असेल तर आतल्या भिंतीला की खिडकीखाली? आणि बांधला नसेल तर तिला झोप लागली असेल का? निळं उघडं असलं की तिला झोप येत नाही, हे तिनेच दुपारी सांगितलं. म्हणजे माझ्यामुळे तीही छताकडे बघत पडली असणार. एकाच वेळी दोन घरांत दोन बायका जाग्या, कशापायी, तर माझ्या एका बघूपायी.

वर लिहिलेलं आत्ता पुन्हा वाचलं. पलंगाशेजारी नाव आई असं आहे. पट्टी तो बांधणार नाही. स्वतःचा नियम मोडण्यापेक्षा ती रात्रभर हातांवर बसून राहील. तेव्हा माझी शंका फुकटची होती, आणि काम आहे ते माझ्याकडे अडलेलं आहे. खोलीत दांडी माझ्या मागून येते, माझा आकडा बदलला की फळी खाली येते. पोर झिजणार नाही. तिने मला नाही बांधलं, माझ्या आसपासचं बांधलं आहे. मी मात्र हो की नाही ते न सांगता तिला निळं ठेवलं आहे, आणि ते तिला सोसत नाही.

घड्याळाकडे बघत नाही. पाहिलं तर सकाळी करू म्हणेन, आणि सकाळी पुन्हा बघू म्हणेन. फोन आत उशाशी आहे. जाऊन लावते. ती पहिल्याच रिंगला उचलेल आणि घाबरून विचारेल, "आई, काय झालं?" काही झालं नाही म्हणेन. पलंग खिडकीखाली, आणि तो आता बांध, चांगल्या दोन गाठी मारून, वर तिसरी. काच उघडी राहणार हेही सांगेन.

खुर्चीचं विचारलं तर म्हणेन, खुर्चीचं तिकडे आल्यावर बघू.